आयशॅडोवरचा आळ : तेलकट पापण्या, नाजूक त्वचा आणि मे महिन्यातलं एक लग्न

प्रकरण नवरीचं नाही, नवरीच्या आईचं आहे. वय ४७, राहणं नाशकात इंदिरानगरला, नोकरी शाळेत, डोळ्यांना प्रोग्रेसिव्ह चष्मा. लग्न मे महिन्यातलं, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर, मुहूर्त दुपारी साडेबाराच्या सुमाराचा. फेब्रुवारीत मायलेकी नवरीच्या मेकअपचं ठरवायला माझ्याकडे आल्या. मुलीचं सगळं बोलून झाल्यावर काकूंनी स्वतःपुरती अट घातली : "माझ्या डोळ्यांना काही लावायचं नाही हं. एक तर दोन तासांत सगळं घडीत जाऊन बसतं, आणि मग पापण्या अशा सुजतात की वर्गात उभं राहायची लाज वाटते. चांगल्या कंपनीचं वापरा म्हणून सांगू नकोस, सगळ्या कंपन्या करून झाल्या."

मुलीचं म्हणणं वेगळं. "आई, फोटोत तुझे डोळे दिसतच नाहीत."

ही तक्रार आम्हा मेकअपवाल्यांना नवी नाही आणि तिच्यावरचं आमचं ठरीव उत्तरही नवं नाही : भारी प्रायमर (रंगाखाली लावायचा थर), वॉटरप्रूफ आयशॅडो, वरून मेकअप धरून ठेवणारा सेटिंग स्प्रे. म्हणजे पापणीवर अजून तीन थर. ज्या पापणीला आहे तेच सोसवत नाही, तिच्यावर आणखी तीन अनोळखी पाहुणे आणून बसवायचे, हे मला कधी पटलं नाही. काकूंच्या बाबतीत शेवटी जे काम झालं ते थर कमी करत नेल्यामुळे झालं. पण त्याआधी सूज आणि टिकाऊपणा ही दोन वेगवेगळी दुखणी सोडवून घ्यावी लागली. काकूंनी ती एका वाक्यात सांगितली होती, म्हणून ती एकाच कारणाची ठरत नव्हती.

आधी सूज

पापणीची कातडी सगळ्या अंगात पातळ, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. चेहऱ्याला जे सहज चालतं ते पापणीला चालेलच असं नाही, आणि तिला काय चालत नाही हे कळल्याशिवाय तिच्यावर रंग किती तास टिकतो हे मोजत बसण्यात अर्थ नव्हता.

पहिला प्रश्न विचारला तो वेळेचा. लावल्या लावल्या चुरचुरतं, की नंतर खाज सुटते? काकू म्हणाल्या, "दोन्ही." स्प्रे मारला की लगेच आग होते, ती पाच-दहा मिनिटांत जाते. सूज येते ती त्या संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी, आणि राहते चांगली चार-पाच दिवस.

या दोन गोष्टी सारख्या नाहीत. लगेच होणारी आग ही बहुधा नुसती जळजळ : स्प्रेमधलं अल्कोहोल, साबणाचा फेस, जोरात घासणं. ती कोणालाही होऊ शकते आणि कारण काढलं की थांबते. अ‍ॅलर्जीची चाल वेगळी. शरीर त्या पदार्थाला आधीच वैरी ठरवून बसलेलं असतं, तरी खाज आणि सूज दिसायला बहुतेक वेळा २४ ते ७२ तास जातात. म्हणजे रविवारी सुजलेल्या पापणीचा गुन्हेगार शनिवारच्या मेकअपमध्येच सापडेल असं नाही. तो गुरुवारी येऊन गेलेला असू शकतो. आणि तो पापणीवर आलेला असायलाच हवा असंही नाही. नेलपॉलिश, केसांचा रंग, शाम्पू, भुवया काढायच्या चिमट्यातलं निकेल, परफ्यूम, यांतलं काहीही हाताने, पाण्याने किंवा हवेतून पापणीपर्यंत पोचतं. हाताच्या किंवा डोक्याच्या जाड कातडीवर काहीच दिसत नाही आणि पातळ पापणी मात्र सुजून येते.

काकूंना फोनमधले जुने फोटो काढायला सांगितले. फोटोंना तारखा असतात, ही मोठी सोय. नोव्हेंबरात पुतण्याचा साखरपुडा : डोळ्यांवर सोनेरी आयशॅडो, दुसऱ्या दिवशी सूज. डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन : निवेदन काकूंकडे, स्टेजवर भरपूर मेकअप, डोळ्यांवर तीच सोनेरी डबी. सूज? काकू थांबल्या. "नव्हती गं तेव्हा." जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू : काळी साडी, तोंडाला फक्त पावडर, डोळ्यांना काहीही नाही. आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही पापण्या लाल, जड. त्याचं खापर काकूंनी एका शेजारणीच्या अत्तरावर फोडलं होतं.

आयशॅडो लावली आणि सूज नाही, लावली नाही आणि सूज आली. इथे तिच्यावरचा आळ निम्मा उतरला.

अत्तराचा संशय अगदीच वेडा नव्हता. सुगंधी द्रव्यं हे पापण्यांच्या अ‍ॅलर्जीचं नेहमीचं कारण आहे. पण डिसेंबरातला स्टेजवरचा फोटो मोठा करून पाहिला तर भांगात पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. साखरपुड्याच्या आणि हळदीकुंकवाच्या फोटोत भांग काळाभोर.

"काकू, केस कधी काळे करता?"

"कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी. ताजं फार काळं दिसतं ना. तेव्हा गॅदरिंगच्या गडबडीत राहून गेलं होतं." आणि मग आपणहून : "कानामागे जरा खाजतं, पण ते झुमक्यांमुळे."

केसांना लावत होत्या त्या पाकिटावर 'काळी मेंदी' लिहिलेलं. मेंदीच्या पानाचा रंग केशरी-तांबडा. तो काळा होत नाही. पाकिटातला काळेपणा येतो बहुधा पॅरा-फेनिलीनडायअमाईनमुळे, ज्याला सगळे पीपीडी म्हणतात. हे द्रव्य असलेल्या केसांच्या रंगाच्या वेष्टनावर आपल्याकडे कायद्याने इशारा छापावा लागतो : आधी चाचणी घ्या, आणि भुवयांना किंवा पापण्यांच्या केसांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते. इतक्या बारीक अक्षरात असतो तो की चष्मेवाल्या बाईने कधी वाचला नसेल तर नवल नाही.

डॉक्टरांकडे

इथपर्यंतचा तर्क माझा. पण तर्क म्हणजे निदान नव्हे, आणि मी डॉक्टर नाही. काकूंना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं, सोबत सगळ्या डब्या, ट्यूबा, ते मेंदीचं पाकीट आणि त्यांच्या पर्समध्ये कायम असलेली एक मलमाची ट्यूबही.

त्या ट्यूबवर डॉक्टर सर्वांत जास्त चिडले. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलं, स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम. पापणी सुजली की काकू ते चोळत. सूज उतरते म्हणून ते गुणाचं वाटतं, पण पापणीवर स्टेरॉइड पुन्हा पुन्हा लावलं तर कातडी आणखी पातळ होते, डोळ्यांतला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. ते त्याच दिवशी बंद झालं.

पॅच टेस्ट, म्हणजे कशाची अ‍ॅलर्जी आहे हे शोधणारी चाचणी, मात्र लगेच करता आली नाही. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, त्या ४८ तास तशाच ठेवायच्या, पाठीला पाणी लागू द्यायचं नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. पट्ट्या काढल्यावर एकदा बघतात आणि ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा. काकूंचं सासर जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ. नाशिकचा खरा रंग धुळवडीचा नाही, रंगपंचमीचा, आणि तिकडे रहाड (रंग खेळायचा जुना हौद) उघडली की घरातली सून पाठ कोरडी ठेवून बसणार, हे होणं नाही. म्हणून रंगपंचमी होऊ दिली आणि मग टेस्ट केली. एप्रिल-मेपर्यंत लांबवली असती तर घामाने पट्ट्याच सुटल्या असत्या.

निकाल : पीपीडीला ठळक प्रतिक्रिया. सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाला काही नाही, म्हणजे शेजारीण निर्दोष. काकूंची स्वतःची आयशॅडोही थेट पट्टीत भरून तपासली होती, तिलाही काही नाही.

डॉक्टरांनी एक कागद दिला, काय टाळायचं त्याचा : काळी मेंदी, पीपीडी असलेले सगळे केसांचे रंग, जत्रेत हातावर काढतात ती काळी टॅटूची मेंदी. 'अमोनिया-फ्री' किंवा 'हर्बल' लिहिलेलं असलं तरी मागची यादी वाचायची, कारण अमोनिया नसण्याचा पीपीडी नसण्याशी काही संबंध नाही. हा कागद काकूंनी दुमडून चष्म्याच्या घरात ठेवला.

मग टिकणं

आता फक्त तेल उरलं. ते कमी नव्हतं.

वरच्या पापणीच्या कडेला साधारण २५ ते ४० मायबोमियन ग्रंथी असतात. त्यांचं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं, म्हणून डोळा कोरडा पडत नाही. त्याशिवाय पापणीच्या कातडीचं आपलं तेल असतंच. हे तेल शत्रू नाही आणि ते पावडरी थापून किंवा टोनर चोळून बंद करायला जाऊ नये. बंद होत नाही, पापणी तेवढी खरवडली जाते. काकूंच्या डोळ्यांची ठेवण आणखी एक अडचण घालत होती : भुवईखालची कातडी थोडी उतरलेली, त्यामुळे डोळा उघडला की हलणारी पापणी जवळजवळ सगळी आत जाते. मिनिटाला १५-२० वेळा कातडीवर कातडी घासते. तिथे तेल आणि रंग एकत्र आले की घडीत रेघ पडणारच.

त्यात काकूंचा दिनक्रम. रात्री झोपताना पापण्यांवर खोबरेल तेल, "डोळे थंड राहतात" म्हणून. सकाळी डोळ्यांखालचं क्रीम, ते वरही फिरवलेलं. त्यावर सनस्क्रीन. कार्यक्रम असला की त्यावर डाग झाकणाऱ्या कन्सीलरचा जाड थर, त्यावर क्रीमची आयशॅडो कांडी, त्यावर सोनेरी पावडर, शेवटी स्प्रे. यातल्या बहुतेक थरांत तेल किंवा मेण आहे, आणि तेलाला तेल विरघळवतं. आयशॅडो पापणीवर टिकत नव्हती, कारण ती पापणीवर नव्हतीच. ती खोबरेलावर तरंगत होती.

वॉटरप्रूफबद्दलही इथेच बोललं पाहिजे. वॉटरप्रूफ म्हणजे पाण्याला दाद न देणारं. तेलाला दाद न देणारं नव्हे. मुंबईच्या दमट हवेसाठी सांगितलेले उपाय नाशकात जसेच्या तसे चालत नाहीत, ते याचमुळे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी असते. घाम बराचसा उडून जातो, तेल मागे राहतं. इथला उन्हाळ्यातला झगडा पाण्याशी कमी, तेलाशी जास्त.

तर पहिल्यांदा फक्त वजाबाकी. खोबरेल पापण्यांवरून हद्दपार. क्रीम डोळ्याखालच्या हाडावर थांबवायचं, सनस्क्रीन भुवईच्या वर आणि गालाच्या हाडापर्यंत, पापणीला उन्हापासून वाचवायला स्कूटरवर गॉगल. काकूंना चष्म्यावर चढवायचा क्लिपवाला गॉगल मिळाला, त्यांना तो अजिबात आवडला नाही, पण त्यांनी लावला. तोंड धुवायला बिनवासाचं साधं फेसवॉश.

एवढं केल्यावर अर्ध्या चेहऱ्याची ट्रायल घेतली. डाव्या पापणीवर नुसती मॅट (बिनचमकीची) आयशॅडो, खाली काही नाही. उजव्या पापणीवर आधी प्रायमर, मग तीच आयशॅडो. तशाच त्या शाळेत गेल्या. मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर आणि संध्याकाळच्या पोळ्या झाल्यावर डोळे मिटून एक, उघडून एक असे फोटो पाठवायचे ठरलं होतं. सहकारी शिक्षिकांनी त्या दिवशी बरीच चेष्टा केली म्हणे. डावी पापणी मधल्या सुट्टीलाच घडीत गेली. उजवी पोळ्यांपर्यंत टिकली, फक्त आतल्या कोपऱ्यात फिकी झाली. खोबरेल बंद करूनही डावी टिकली नाही, म्हणजे प्रायमर हा एक थर ठेवावा लागणार. बाकीचे नाहीत.

प्रायमर हा डोळ्यांच्या मेकअपमधला सर्वांत कमी समजून घेतलेला प्रकार आहे, म्हणून थोडं सविस्तर. तेलकट पापणीसाठीच्या प्रायमरमध्ये आयसोडोडेकेन किंवा सायक्लोपेंटासिलोक्सेनसारखा उडून जाणारा द्रव असतो, पापुद्रा धरणारं एखादं सिलिकोन असतं आणि तेल शोषायला सिलिका किंवा चिकणमाती. लावल्यावर द्रव उडतो, पापुद्रा मागे राहतो. हा पापुद्रा वाळेपर्यंत डोळा पूर्ण उघडायचा नाही. नजर खाली, गुडघ्यांकडे, अर्धा-पाऊण मिनिट. तेवढ्यात डोळा उघडला तर ओला पापुद्रा घडीत दुमडतो आणि ती रेघ तशीच वाळते. मग वर सोनं थापलं तरी रेघ जात नाही. 'प्रायमर लावूनही टिकत नाही' म्हणणाऱ्या बायकांपैकी पुष्कळजणींचं इथेच चुकतं असं माझं मत आहे. दुसरं चुकतं ते मापात. एका डोळ्याला तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं बस्स. जाड थर म्हणजे दुमडायला जास्त माल.

कन्सीलर प्रायमर म्हणून वापरण्याचा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. कोरड्या पापणीला चालतो. तेलकट पापणीवर त्यातला तेलकट भाग सबंध दिवस ओलाच राहतो. काकूंसाठी तो बाद.

नाजूक त्वचेच्या बाजूने पाहिलं तर प्रायमर निवडताना डबीच्या पुढच्या बाजूवर विश्वास ठेवायचा नाही. 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' या शब्दाला औषधं-प्रसाधनांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएच्या लेखीही कायद्याने ठरवलेली व्याख्या नाही. मागच्या बाजूची घटकांची यादी वाचायची. आपल्याकडे २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे ती छापावीच लागते. मी वास असलेलं बाजूला काढते, मग मिथाइलआयसोथायाझोलिनोन आणि फॉर्माल्डिहाइड सोडणारी टिकवण द्रव्यं, मग लॅनोलिन (लोकरीतलं मेण). काकूंना यातलं काही बाधत नाही हे टेस्टने सांगितलं होतं, तरी यादी जितकी छोटी तितकी बरी.

निवडलेली ट्यूब थेट पापणीवर नाही. कोपराच्या आतल्या बाजूला, त्याच जागी, दिवसातून दोनदा, आठवडाभर. तिथे काही झालं नाही तरी पापणी कोपरापेक्षा पातळ असते, म्हणून मग डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात एक ठिपका, काही दिवस. एवढं सगळं करायला वेळ लागतो. लग्नाच्या आठवड्यात आलेल्या बाईला हे करता येत नाही, तिला मी नवीन काहीच लावत नाही. तिच्याकडे जे तिला सोसतंय तेच वापरते.

रंगावरून वाद झाला. पैठणी येवल्याहून आणलेली, मोरपंखी, आणि काकूंना पापणीवरही मोरपंखी चमक हवी होती. मी तपकिरी सुचवला, कातडीच्या रंगाहून दोन छटा गडद, मॅट. टिकणं हे थोडं दिसण्यावरही असतं. चमकीच्या आयशॅडोत अभ्रकाचे मोठे तुकडे असतात. ते उजेड परत फेकतात आणि घडीतली बारीकशी रेघही कॅमेऱ्यात ओरडून सांगतात. कातडीच्या जवळचा मॅट रंग फिका झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय नाजूक डोळ्यांजवळ चकाकीचे कण नकोतच, डोळ्यात गेले तर बुबुळावर ओरखडा येऊ शकतो. शेवटी मोरपंखी साडीला राहिला, डोळ्याला नाही. मुलगी माझ्या बाजूची होती, त्याचा उपयोग झाला.

लग्नाचा दिवस

आदल्या संध्याकाळी हळद. नवरीच्या आईलाही कोणी सोडत नाही. हळद तेलात कालवलेली, आणि हळदीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही, म्हणून तो नुसत्या पाण्याने निघत नाही. काकूंनी आत्या-माम्यांना दटावून ठेवलं होतं : गालाला लावा, डोळ्यांच्या वाटेला जाऊ नका. तरी डाव्या पापणीवर एक पिवळं बोट उमटलंच. बिनवासाच्या क्लिन्सरने दोनदा धुतलं, पुसलं नाही, घासलं नाही.

सकाळी साडेआठला काकू खुर्चीत. टिश्यू दुमडून पापणीवर नुसता टेकवला. दोन्ही डोळ्यांना प्रायमर, नजर गुडघ्यांकडे. आयशॅडो चपट्या ब्रशने दाबून बसवली, फिरवली नाही. रंग डोळा उघडा असताना दिसेल असा, घडीच्या जरा वर नेला. घरच्या काजळाला मी नकार दिला, कारण ते तूप किंवा एरंडेलातलं. ते खालून पापुद्रा विरघळवतं आणि चष्म्याच्या आत काळं पसरवतं. त्याऐवजी तीच तपकिरी पावडर तिरप्या ब्रशने पापणीच्या केसांच्या मुळाशी. मस्कारा फक्त वरच्या केसांना, ट्यूबिंग प्रकारचा. तो केसाभोवती नळी धरतो, तेलाने ओघळत नाही आणि कोमट पाण्याने निघतो. खालच्या पापणीला काही नाही. खोट्या पापण्या नाहीत, कारण त्यांच्या गोंदाची चाचणी झाली नव्हती. स्प्रे नाही.

आणि केस. डाय नाही म्हटल्यावर भांगातल्या पांढऱ्याचं काय? मॅट काळपट-तपकिरी आयशॅडो घेतली, जिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो आणि जी काकूंना सोसते, आणि कडक ब्रशने भांगाच्या दोन्ही बाजूंना मुळांवर दाबून बसवली. वर खोपा, मोगऱ्याचा गजरा. ज्या आयशॅडोला दोन वर्षं शिव्या दिल्या तीच डोक्यावर घेतली, यावर काकू स्वतःच हसल्या.

पर्समध्ये दिलं ते फक्त टिश्यू. कॉम्पॅक्ट काढून घेतला. तेलावर पावडर मारली की त्याचा लगदा होतो आणि घडीत तोच साचतो. आधी टेकवायचं, मग हवं असेल तर बोटाने अलगद सारखं करायचं.

देवक, मंगलाष्टका, कन्यादान इथपर्यंत काही नाही. लाजाहोमाचा धूर नेमका मुलीच्या आईबापांकडेच वळला आणि उजव्या आतल्या कोपऱ्यातला रंग पाण्याबरोबर गेला. तिथे मुळात फिकाच ठेवला होता, त्यामुळे फोटोत कळत नाही. तीनच्या सुमारास जेवणाच्या पंगतीत डाव्या घडीत केसाएवढी रेघ आली. टिश्यू टेकवला, बोट फिरवलं, मिटली. डावीच का? काकूंना डाव्या बाजूने चष्मा वर सारायची सवय आहे, हात पापणीला लागतो. पाच वाजता पाठवणी. मायलेकी मनसोक्त रडल्या. खाली काही लावलंच नव्हतं, तर ओघळायला काही नव्हतं. आठ-साडेआठ तासांनी वरचा रंग थोडा फिका, पण जागेवर.

रात्री काढायचं कसं हे कागदावर लिहून दिलं होतं, कारण त्या घरात त्या रात्री कोणाचं डोकं ठिकाणावर असणार नव्हतं. मस्काऱ्याला कोमट पाणी. सिलिकोनचा पापुद्रा पाण्याने निघत नाही, म्हणून बिनवासाचं, हलवून वापरायचं दोन थरांचं रिमूव्हर कापसावर घ्यायचं, मिटलेल्या पापणीवर अर्धा मिनिट धरून ठेवायचं, मग खाली ओढायचं, एकदाच. त्यानंतर धुवायचं, आणि खोबरेल नाही. मला विचाराल तर नाजूक पापणीचं अर्धं नुकसान लावताना होत नाही, थकून घरी आल्यावर घासून काढताना होतं.

त्यानंतर तीन दिवस सकाळी एक फोटो. ७२ तास उलटेपर्यंत मी 'जमलं' म्हणायला तयार नव्हते. पापण्यांना काही झालं नाही, कानामागेही खाज नाही. झुमके तेच होते.

श्रावणात

लेकीच्या पहिल्या मंगळागौरीला काकूंनी हे सगळं आपल्या हाताने केलं. हवा ओली, रात्रभर फुगड्या आणि झिम्मा. या वेळी रंग चारेक तासच टिकला. पावसाळ्यात घाम उडत नाही. तो पापुद्र्यावर साचतो आणि पुन्हा पुन्हा पुसताना रंग त्याच्याबरोबर जातो. तेलाची तक्रार मात्र नव्हती, घडीत रेघ नव्हती, रंग सगळीकडून सारखा उतरला होता. अशा रात्रीसाठी आता ठरवलंय की वरचा रंग जवळजवळ वगळायचा, पापणीच्या केसांच्या मुळाशी तपकिरी रेघ आणि ट्यूबिंग मस्कारा एवढंच ठेवायचं.

केसांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. नणंदेने 'पूर्ण नैसर्गिक' म्हणून एक पाकीट आणून दिलं, काकूंनी कागद काढून मागची यादी ताडून पाहिली, पीपीडी सहाव्या ओळीत होतं. पाकीट परत गेलं. शुद्ध मेंदीची चाचणी डॉक्टरांकडे चालू आहे. तोवर भांगासाठी ती डबी आहेच.